मिलान राहू द्या, शनिवारी काष्टीला चला

२०२४ साली मिलानच्या व्हिया मोंते नापोलिओने या रस्त्याने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूला मागे टाकले. दुकानाच्या भाड्याचा हिशेब केला तर त्या वर्षी जगातला सर्वांत महाग बाजाररस्ता तो ठरला. तिथे पर्स घ्यायला निघालेला माणूस आधी बँकेत डोकावतो. नगरच्या मोची गल्लीत पर्स घ्यायला आलेली बाई आधी शेजारच्या तीन दुकानांत भाव विचारून येते, आणि मग चौथ्या दुकानदाराला सांगते की पलीकडे याच्या निम्म्यात देतात.

एवढी कला अंगात असूनही नगरकराला खरेदी म्हटली की पुणे आठवते. सव्वाशे किलोमीटर जायचे, लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधण्यात दुपार घालवायची आणि घरी येऊन म्हणायचे, "काही म्हणा, पुण्याची व्हरायटी ती व्हरायटी." अशा मंडळींसाठी ही घरचीच यादी. २०२४ मध्ये सरकारी कागदावर शहर आणि जिल्हा दोन्ही अहिल्यानगर झाले. इथे मात्र बोलण्यातले 'नगर' येत राहील, एसटी स्टँडवर येते तसे.

इटलीचा माल, नगरची एमआयडीसी

इटालियन वस्तूच हवी असेल तर नगरकराने ती कधीच चालवून सोडली आहे. १९७२ साली कायनेटिकची लुना आली. तिचा मूळ नमुना पियाज्जो कंपनीची 'चाओ' ही छोटी गाडी. म्हणजे वंशावळ थेट इटलीतली आणि कारखाना नगरचा. पन्नास सीसीचे इंजिन, पेट्रोल संपले तर पायडल. मागे दुधाच्या किटल्या, पुढे गव्हाचे पोते आणि मधे मास्तर, असे दृश्य जिल्ह्याने कित्येक वर्षे पाहिले. इटलीत ती गाडी कॉलेजच्या पोरांची. आमच्याकडे तिने डेअरी, शाळा आणि गिरणी अशी तिन्ही खाती सांभाळली. २०२४ च्या फेब्रुवारीत तीच लुना विजेवर चालणारी होऊन परत आली आहे.

याहून मजा पुढची. २०१८ च्या सुमारास कायनेटिकच्या मोटोरॉयल या विभागाने नगरच्या कारखान्यात एमव्ही अगुस्टा या गाड्यांची जुळणी सुरू केली. ही कंपनी मिलानच्या वायव्येला, व्हारेसेच्या तळ्याकाठची. जगातल्या देखण्या मोटरसायकलींची यादी करणारे तिचे नाव हमखास घेतात. गाडी जुळायची नगरला, आणि भारतातले तिचे पहिले शोरूम मात्र पुण्यात! नगरकर पुण्याला जाऊन नगरचाच माल घेतो ही तक्रार केवळ साड्यांपुरती नाही.

निजामशाहीतला व्हेनिसकर

इटलीचा माल इकडे आला तशी त्याच्या कितीतरी आधी इटलीची माणसेही इकडे खरेदीला यायची. मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे तिथेच नगर वसले. या राज्याचे समुद्रावरचे दार म्हणजे चौल, आजच्या रायगड जिल्ह्यात. चेझारे फेदेरिची हा व्हेनिसचा व्यापारी १५६३ मध्ये घरून निघाला तो १५८१ मध्ये परतला, आणि या अठरा वर्षांच्या भटकंतीत त्याने चौलही पाहिले. तिथे दोन गावे, एक पोर्तुगिजांचे आणि एक निजामशहाचे. मसाले, औषधी द्रव्ये, रेशीम आणि रेशमी कापड, चंदन, चीनची भांडी, पोर्तुगाल आणि मक्केकडून येणारी मखमल, असा माल त्याने नोंदवून ठेवला आहे. निजामशहाचे नाव त्याच्या कानाला 'झामालुको' असे ऐकू आले आणि त्याने ते तसेच लिहिले.

तेव्हा व्हेनिस म्हणजे युरोपातली उंची कापडाची मोठी पेठ. तिथला माणूस आपल्या बंदरावर कापड चाचपत उभा होता, हे पुढच्या वेळी पुण्याच्या दुकानात सांगायला हरकत नाही.

बस्ता

नगरचा कापड बाजार हा कागदोपत्री महात्मा गांधी रस्ता. पत्ता विचारताना हे नाव घेतले तर समोरचा क्षणभर विचारात पडेल. त्याच्या आजूबाजूला मोची गल्ली, सारडा गल्ली, घास गल्ली, शहाजी रोड, गंज बाजार, सराफ बाजार. घास गल्लीत आता गवताची काडी मिळणार नाही, पण कुर्त्या, ओढण्या, पर्स आणि लहान मुलांचे कपडे यांना तोटा नाही. पायी फिरायचे. चारचाकी घेऊन आत शिरणारा माणूस बाहेरगावचा, हे ओळखायला नंबरप्लेट पाहावी लागत नाही. फेरीवाले आणि दुकानदार यांचे भांडण या बाजारात इतके जुने आहे की तेही बाजाराचाच भाग झाले आहे.

या बाजाराचा खरा प्रसंग म्हणजे लग्नाचा बस्ता. मिलानमध्ये एक बाई एका दुकानात शिरते, एक ड्रेस घेते आणि बाहेर पडते. याला नगर जिल्ह्यात खरेदी म्हणत नाहीत. बस्त्याला निदान दोन गाड्या भरून माणसे लागतात. मुलीकडची, मुलाकडची, दोन्हीकडच्या आत्या, एक मामा, आणि ज्यांना 'कपड्यातले कळते' असे एक गृहस्थ. हे गृहस्थ प्रत्येक साडी दोन बोटांत चुरगाळून सोडतात आणि काहीच बोलत नाहीत. दुकानदाराला भीती त्यांचीच असते.

गादीवर बैठक बसली, चहा आला, की पहिला प्रश्न ठरलेला: "नेसायची दाखवू की देण्याघेण्याची?" महाराष्ट्रातल्या साडीउद्योगाची अर्धी उलाढाल या एका प्रश्नावर चालत असावी असा माझा संशय आहे. नेसायची म्हणजे नवरीची, तिच्या आईची, करवलीची. देण्याघेण्याची म्हणजे मानपानाची. ती गठ्ठ्याने घेतात, तिचा रंग कुणी फार बघत नाही, आणि ती पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत जाते. घडी न मोडता चार लग्ने फिरलेल्या साड्या प्रत्येक घरात असतात. त्या कुठून आल्या हे लक्षात ठेवणारी एक काकूही असते, म्हणून ती साडी चुकून मूळ मालकिणीकडे परत जात नाही. मधेच मामाकडची अष्टपुत्री, म्हणजे पिवळी साडी, निघते आणि तिच्या किमतीवर मामी पहिल्यांदा तोंड उघडतात. पुरुषांचे काम त्या मानाने सोपे: टॉवेल, टोपी, शर्टपीस. शिवून घेतात किती जण, हा वेगळा विषय.

सगळे झाले की बिल आणि बिलावरची घासाघीस. 'एकच भाव' अशी पाटी असलेल्या दुकानातही ती होते. तिथे फक्त भाव कमी करत नाहीत, वर एक साडी टाकतात.

किराण्याची होलसेल खरेदी दाळमंडई आणि आडते बाजाराकडे. लग्नाचा बस्ता आणि लग्नाचा किराणा एकाच दिवशी उरकणारी घरे आहेत, आणि त्यांना आयुष्यात काहीच अवघड जात नाही.

दीडशे रुपयांची तोफ

नगरमध्ये बनलेली बहुधा सर्वांत जड वस्तू सध्या विजापूरला आहे. 'मुलुख मैदान' ही तोफ १५४९ मध्ये नगरला ओतली गेली. करणारा मुहम्मद बिन हसन रुमी, वजन साधारण ५५ टन. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात आणि तिथून १६३२ मध्ये विजापूरला गेली. १८५४ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी बिनकामाच्या सामानाबरोबर तिचाही लिलाव काढला. सर्वांत वरची बोली आली १५० रुपये. हे फारच कमी वाटल्याने विक्री थांबवली गेली. ५५ टन धातूला दीडशे रुपये सांगणारा तो माणूस कुठला होता याची नोंद नाही, पण घासाघीस पाहता मूळचा नगरचाच असावा.

चोंडीची लेक आणि महेश्वरची साडी

देशाच्या वस्त्रखरेदीवर या जिल्ह्यातल्या ज्या व्यक्तीची छाप सर्वांत खोल आहे ती कुणी डिझायनर नाही. जामखेड तालुक्यातल्या चोंडीत १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर. त्यांनी राजधानी नर्मदेकाठी महेश्वरला नेली आणि बाहेरून विणकर आणून तिथे वसवले. महेश्वरी साडी ही त्या मागांची. दरबारी पाहुण्यांना भेट द्यायला नऊवारी हव्या होत्या, त्यातून ती घडली असे सांगतात. तिची एक खुबी अशी की काठ दोन्ही बाजूंनी सारखाच चांगला दिसतो, म्हणून साडी उलटूनही नेसता येते. स्वतः अहिल्याबाईंचा वेष अगदी साधा, पांढरा. दुसऱ्यांनी काय नेसावे याची मात्र त्यांनी अडीचशे वर्षांची सोय करून ठेवली.

आता पैठणी. नकाशा उघडा. शेवगाव तालुका संपतो तिकडे पैठण, कोपरगाव ओलांडले की येवला. म्हणजे पैठणीचे माहेर आणि पैठणीची आजची पेठ या दोन्हींच्या मधोमध हा जिल्हा पसरला आहे. इतकी मोक्याची जागा असताना नगरच्या नवऱ्यांनी 'पैठणी मिळाली नाही' ही सबब कशी टिकवली हे कोडे आहे. येवल्याला गेलात तर माग चालू असलेल्या घरात बसा आणि पदर उलटा करून पाहा. खऱ्या हातमागाच्या पैठणीत पदराचे आणि काठाचे नक्षीकाम दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखे दिसते. मागच्या बाजूला धागे लोंबत असतील, जाळी लावलेली असेल, तर ती यंत्राची. घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त हातमागाचे पैसे देऊ नका. बांगडी मोर, मुनिया, असावली ही नक्षीची नावे आधी पाठ करून गेलात तर विणकर दोन साड्या जास्त दाखवतो.

खरा फॅशन वीक: शनिवार

मिलानच्या गॅलेरिया व्हित्तोरिओ एमानुएले या प्रसिद्ध बाजारात जमिनीवर रंगीत तुकड्यांचा एक बैल आहे. तो तोरिनो शहराच्या चिन्हातला. त्याच्या नको त्या जागी टाच रोवून तीन गिरक्या घेतल्या की नशीब फळफळते, या समजुतीपायी पर्यटकांनी तिथे खड्डा पाडला आहे. अधूनमधून तो बुजवावा लागतो. श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीत हा प्रकार केला तर बैलच तुम्हाला गिरकी देईल.

काष्टीचा जनावरांचा बाजार शनिवारी. घोडेगावचा शुक्रवारी, म्हशींसाठी नावाजलेला. लोणीचा बुधवारी, तिथे गोठ्याला संकरित गाय शोधणारे येतात. म्हणजे या जिल्ह्यात मोठी खरेदी कुठे करायची हे दुकानावरून नाही, वारावरून ठरते.

काष्टीत आधी चालून दाखवणे. मालक बैल फिरवून आणतो, बघणारे दोन्ही बाजूंना उभे. पाय कसा टाकतो, खांदा कसा आहे, शेपूट, शिंगांचा डौल, कातडीची चकाकी. मग तोंड उघडून दात. दुधाचे दात असतील तर आदत, पुढे दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि पाचएक वर्षांचा झाला की 'जुळला'. दात मोजून वय सांगण्याची ही पद्धत कागदी दाखल्याहून भरवशाची मानतात, कारण बैलाला दाखला बनवून आणता येत नाही. म्हशीचा हिशेब वेताने, म्हणजे ती कितव्यांदा व्याली यावरून, होतो. 'दुसऱ्या वेताची' म्हटले की निम्मी चौकशी संपली.

भाव सांगतात रुमालाखाली. हेडी, म्हणजे दलाल, गिऱ्हाइकाचा हात धरतो, वर उपरणे टाकतो, आणि आत बोटे बोलू लागतात. एक बोट हजाराचे की दहा हजारांचे, ते दोघांना माहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला फक्त चेहरे दिसतात. एकाने हात झटकला, दुसऱ्याने परत ओढला, असे तीनचारदा झाले की सौदा जवळ आला समजा. मग इसार, म्हणजे आगाऊ रक्कम. मिलानच्या दुकानात किमतीची चिठ्ठी आतल्या बाजूला लपवतात ती याच घराण्यातली रीत.

आणि नटणे? पोळ्याच्या आधीचे बाजार पाहा. झूल, गोंडे, घुंगरमाळा, शिंगांना हिंगूळ, टोकांना पितळी शेंब्या, नवी म्होरकी, नवा कासरा. मालक जुन्याच सदऱ्यात असतो. जिल्ह्यात वर्षातून एकदा का होईना, कपड्यांवरचा खर्च घरातल्या माणसांहून बैलांवर जास्त होतो आणि त्याबद्दल घरात कुणीही कुरकुर करत नाही.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, २०२३ च्या मे महिन्यात तीवर शिक्कामोर्तब झाले. तेव्हापासून पळणाऱ्या खोंडांचा भाव लाखांत बोलला जातो. ट्रॅक्टरने ज्याची नोकरी घालवली होती तो खेळाडू होऊन परत आला. मधे २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत हे बाजार बंद ठेवावे लागले, तेव्हा चहावाल्यांपासून दोरखंडवाल्यांपर्यंत सगळे बसून होते.

गाढवे, फाल्गुनात

पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून सुरू होते, रंगपंचमीला गर्दीचा कळस. भटक्यांची पंढरी म्हणतात तिला. तिथेच गाढवांचा बाजार भरतो. काठेवाडी गाढव उंचीने आणि ताकदीने सरस, म्हणून महाग. इथेही दातच बघतात. गाढव घ्यायचे नसले तरी पाहून या. आपण आजवर ज्याला सरसकट गाढव म्हणत आलो त्यात इतके प्रकार आहेत हे कळते.

लटकू आणि पॉलिशवाले

देवस्थानांच्या बाजारात दोन शब्द माहीत हवेत. शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर गाडीच्या मागे लागून, प्रसंगी गाडीला लटकून, तुम्हाला एका ठरावीक दुकानात नेणारा तो लटकू. शिर्डीत हेच काम करणारा पॉलिशवाला. दोघांचीही सुरुवात "पार्किंग फ्री आहे, चप्पल इथे ठेवा" अशी होते. शेवट होतो तो पूजेच्या ताटाच्या बिलावर. ताट हातात घेण्याआधी भाव विचारायचा, आणि उत्तर "आधी दर्शन तर घ्या" असे आले तर चप्पल उचलून पुढे निघायचे.

शिंगणापुरात घरांना दारे नाहीत हे जगाला ठाऊक आहे. २०११ मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा उघडली, त्याची बातमी परदेशापर्यंत गेली. तेलाबद्दल मात्र देवस्थानाने इतका विश्वास ठेवला नाही. भेसळीच्या तेलाने शनीच्या शिळेची झीज होते म्हणून १ मार्च २०२५ पासून शुद्ध, ब्रँडेड तेलच चालेल असे ठरले. चोराला मोकळे दार, तेलाला लेबल!

पिशवीत काय घ्याल

राहात्याजवळ रस्त्याकडेला पेरू. पाटीतले वरचे देखणे असतात, खालचे हात घालून पाहा. अकोले तालुक्यात गेलात तर राजूरचे पेढे, आणि डिसेंबरात गेलात तर त्याच गावात डांगी जनावरांचे प्रदर्शन. शेजारच्या कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांची गावरान बियाण्यांची बँक. २०२० च्या पद्मश्रीने तिचे नाव सगळीकडे गेले, पण वालाच्या शेंगांचे इतके प्रकार एका घरात पाहिल्यावर पद्मश्री उशिरा मिळाली असेच वाटते. कांद्याचे बी हवे असेल तर राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ. 'फुले समर्थ'साठी शेतकरी लागतात ती रांग नव्या मोबाइलसाठीच्या रांगेहून शिस्तीत असते, असे म्हणवत नाही, पण लांब नक्की असते.

साखर मात्र विकत घेऊ नका. जिल्ह्यात कुणी तरी नातेवाईक कारखान्याचा सभासद असतोच. देशातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास प्रवरानगरला उभा राहिला, तेव्हापासून दिवाळीला सवलतीच्या साखरेचे पोते मोटरसायकलवर आडवे टाकून आणणे हा इथला सण आहे. ते पोते एका कुटुंबाला संपत नाही. ते संपवायला पाव्हणे लागतात.

चपलांचे एक

२०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला उतरवल्या. नाव कोल्हापूरचे नव्हते. महाराष्ट्रातून ओरड झाली, मग कंपनीने मान्य केले की प्रेरणा भारतातल्या हातकारागिरांची. नगर जिल्हा कोल्हापुरीच्या भौगोलिक मानांकनात बसत नाही, त्यामुळे आपल्याला या भांडणात मत द्यायचे कारण नाही. पण मोची गल्लीत कोल्हापुरी घालून पाहताना दुकानदाराने भाव जरा जास्त सांगितला, तर तो मिलानचा भाव ऐकून आहे इतके समजून घ्या आणि निम्म्यापासून सुरुवात करा.

न विकण्याचा बाजार

सगळा जिल्हा फिरून झाला की हिवरे बाजारला जा. १९९० च्या आसपास पोपटराव पवार सरपंच झाले आणि दुष्काळी गाव पाण्याच्या ताळेबंदासाठी ओळखले जाऊ लागले. ऊस आणि केळी लावायची नाही, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, असे ग्रामसभेचे ठराव. भाज्या, कांदा, दूध घ्या हवे तितके. पुण्याहून येणारे गुंतवणूकदार मात्र जमिनीचा भाव विचारतात आणि हात हलवत परत जातात, कारण बाहेरच्याला जमीन विकायची नाही हाही ठरावच आहे.